अर्ध्या मिलीमीटरची जाळी

चाळण फाटली तेव्हा जयवंतीकाकी आणि मी पोटरीभर चिखलात उभ्या होतो. पौषातली अमावास्या, सकाळचे सात. खाडीचं पाणी ओसरून मधली पुळण उघडी पडली होती आणि आमच्या हातात जेमतेम अडीच तास होते. काकींनी वाळूवर टाकलेल्या मोजणीच्या चौकटीतला गाळ उचलून चाळणीत टाकला, मी पाणी ओतून ती हलवली आणि गाळातल्या कालवाच्या धारदार शिंपीनं जाळी टराटरा फाडली. वीतभर भोक पडलं. आतला चिखल, किडे, शंख, सगळं काकींच्या पायावर.

"गेली," काकी म्हणाल्या. एवढंच. त्यांच्यासाठी चाळण म्हणजे चाळण. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कस्तुरी बिराजदार, मुक्काम पोस्ट लातूर जिल्हा. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरनं येतं तिथली मुलगी खाडीच्या तळाचा अभ्यास करते याची आमच्या नातेवाईकांत बरीच थट्टा व्हायची. त्यातून आम्ही शाकाहारी. आरवंड्याच्या खाडीत मी दोन वर्षं किडे, गोगलगायी, कोळंबीची पिल्लं मोजली, पण त्यातलं काही तोंडात घातलं नाही. काकींच्या घरी मी भाडेकरू म्हणून राहायचे. त्यांनी माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला होता आणि त्यावर चुकूनही मासळी जाऊ नये म्हणून तो देवघराच्या बाजूला टांगून ठेवला होता.

आरवंड्याची खाडी करवत माशासाठी राखीव झाली होती. लांब सोंड, तिच्या दोन्ही बाजूंना दात, असा तो मासा. जगातून जवळजवळ संपलेला. त्याची पिल्लं या खाडीत दिसली, म्हणून सरकारनं खोल पाण्याचा भाग मासेमारीला बंद केला. पिल्लं तळाशी फिरतात आणि तळाशी जे वळवळतं त्यावर जगतात. म्हणून तळात काय काय जगतं, किती जगतं, हे मोजायचं काम आमच्या संस्थेकडे आलं, आणि संस्थेतून माझ्याकडे.

प्रश्न होता पुळणीचा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या पट्ट्याला बायांची पुळण म्हणत. गाबितवाडीतल्या तीसेक बाया तिथं तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या. पुरुष तिथं पाय ठेवत नसत, तशी रीतच होती. बाया बसून हातांनी वाळू उकरत, ओंजळ भरून पाण्यात धरत आणि बोटं सैल सोडून हलवत. बोटांच्या फटीतून जी तिसरी निसटेल ती बारकी, ती राहू द्यायची. सुकतीच्या, म्हणजे मोठ्या ओहोटीच्या, दिवसांत त्यांची घरं त्या तिसऱ्यांवरच चालत. काकींचे यजमान दर्यात गेले ते परत आले नाहीत, त्यानंतर दोन मुली त्यांनी या पुळणीवर वाढवल्या होत्या. आता वन खात्याला ठरवायचं होतं की पुळणही बंद भागात घ्यायची की नाही. बायांच्या उकरण्यानं तळाचे जीव मरत असतील तर बंद, नसतील तर चालू. म्हणजे बायांचं काय होणार ते माझ्या मोजणीवर होतं. हे काकींना ठाऊक होतं आणि तरीही त्या रोज माझ्याबरोबर चिखल उचलायला यायच्या. रोजगार म्हणून येत होत्या हे खरं, पण मला वाटतं, थोडा अभिमानही होता. पुळणीवर किती जीव आहेत हे कोणीतरी एकदाचं मोजतंय, याचा.

खोल पाण्यातल्या पाच जागा आम्ही दोन दिवस आधी होडीतून याच चाळणीनं उरकल्या होत्या. पुळणीवरच्या सहा राहिल्या होत्या. आणि चाळण फाटली.

मी देवस्थळी सरांना फोन लावला. ते आमचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस, कधी आवाज चढवला नाही, पण त्यांचा विरस करायची कोणाची छाती नव्हती. दुसरी चाळण पुण्याहून यायला आठवडा लागेल म्हणाले. "सुकती काही आपल्यासाठी थांबणार नाही, कस्तुरी. बघ काहीतरी जमव."

काकींनी तोवर चाळणीच्या चौकटीतून फाटकी जाळी कोयत्याच्या टोकानं सोडवून काढली होती. निम्मी तरी धड होती. "ह्यो तुकडो माका दी," त्या म्हणाल्या. "नाचण्याचा पीठ चाळूक बरो."

मी म्हटलं, घ्या. त्यांनी तो चिखलात खळबळून धुतला आणि कमरेला खोचला.

मी रिकामी चौकट घेऊन एसटीनं तालुक्याला गेले. बाजारात गिरण्यांच्या चाळण्या बसवून देणारा एक म्हातारा होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडची सगळ्यात बारीक जाळी बसवा. त्यानं बसवली. नमुना दाखवायला जुना तुकडा माझ्याजवळ नव्हता, तो काकींच्या फडताळात होता. मला त्याची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुळणीवर. काम कसं भराभर झालं म्हणून सांगू. जुन्या चाळणीतून एक नमुना धुवायला अर्धा तास लागायचा, पाणी अडून बसायचं, हात भरून यायचे. नवीतून दहा मिनिटांत चिखल साफ. सहाही जागा एकाच सुकतीत झाल्या. मी खुशीत होते.

तिसऱ्या जागेवर काकींनी चाळण माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि जाळीवर अंगठा फिरवला.

"ही वायली आसा, बायो. भोकां मोठी आसत. पाणी रवनाच नाय हिच्यात."

"नवी आहे ना काकी, म्हणून तसं वाटतं," मी म्हटलं. "तार अजून कोरी आहे."

काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि चाळण परत दिली. आयुष्यभर तांदूळ, पीठ, कोंडा चाळलेली बाई. तिला मी जाळीबद्दल शिकवत होते.

पुण्याला आल्यावर मोजणी सुरू झाली. तळाचे जीव डोळ्यांना नीट दिसावेत म्हणून बाटलीत गुलाबी रंग घालतात. मग पांढऱ्या ताटलीत ते शेवयांच्या तुकड्यांसारखे उठून दिसतात आणि चिमट्यानं एकेक उचलून मोजायचे. खोल पाण्यातले नमुने गजबजलेले होते. पुळणीवरचे बघितले तर विरळ. खोल पाण्यात जिथं नऊशे निघाले तिथं पुळणीवर तीनशे. सहाही बाटल्यांत तीच गत.

देवस्थळी सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. इतका स्वच्छ निकाल फार कमी वेळा मिळतो, म्हणाले. बंद भागात तिप्पट जीव आणि उकरलेल्या भागात एक हिस्सा, याहून काय पुरावा हवा. एप्रिलमध्ये संस्थेत एक कायम जागा निघणार होती. "या अहवालावर तुझं नाव पहिलं असेल," ते म्हणाले. त्या संध्याकाळी मी लातूरला फोन केला. वडिलांनी अर्ध्या गावाला सांगितलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी चाळणी धुवून कपाटात ठेवायच्या होत्या. पुळणीवरच्या चाळणीत एक किडा अडकून वाळला होता, जाळीच्या भोकात अर्धा आत, अर्धा बाहेर. कोणता आहे बघावं म्हणून मी जाळीच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. भिंगात मापाच्या रेघा असतात. किड्याची जाडी मोजायला गेले आणि भोकाची रुंदी दिसली.

एक मिलीमीटर. आमची जाळी अर्ध्या मिलीमीटरची. सगळीकडे तीच वापरतात.

मी चाळण फिरवून दहा ठिकाणी मोजली. एक, एक, एक. अर्ध्या मिलीमीटरहून जाड आणि एकाहून बारीक असे सगळे जीव पुळणीवर पाण्याबरोबर निघून गेले होते. तळात बहुतेक जीव तेवढेच असतात. काकींच्या अंगठ्याला ते एका फटक्यात कळलं होतं.

पुळणीचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या सभेला तेव्हा तीन आठवडे होते. मध्ये पौर्णिमेची एक सुकती होती. दोन दिवसांत जाऊन पुळण पुन्हा मोजता आली असती. सरांना फक्त एवढंच सांगायचं होतं: सर, चूक झाली. मी त्यांच्या खोलीपर्यंत गेलेसुद्धा. ते चहा घेत होते, मलाही अर्धा कप ओतला, आणि वडिलांची तब्येत कशी आहे विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. चहा प्यायले आणि परत आले.

पौर्णिमा गेली. अहवालात कामाच्या पद्धतीचं एक पान असतं, कोणी वाचत नाही असं. त्यात मी लिहिलं: सर्व ठिकाणचे नमुने अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीतून चाळण्यात आले. दर अहवालात हेच वाक्य लिहायचे, याही वेळी हात आपोआप गेला, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. ते वाक्य लिहिताना मी दोनदा उठले आणि दार लावून घेतलं.

सभा गाबितवाडीच्या शाळेत झाली. भिंतीवर पाढे, पुढे टेबल, टेबलामागे वन खात्याचे अधिकारी आणि देवस्थळी सर. बाया खाली सतरंजीवर. काकी पुढच्याच रांगेत होत्या. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. सरांनी पडद्यावर दोन खांब दाखवले, एक उंच, एक बुटका. उंच तो बंद भाग, बुटकी ती पुळण. बायांना समजेल अशा सोप्या भाषेत सांगितलं. करवत माशाचं एखादं पिल्लू उपाशी राहिलं तर ते आपल्या सगळ्यांचं नुकसान आहे, असंही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याजवळ माझे आकडे होते.

बाया चिडल्या नाहीत, गांगरल्या. एक म्हणाली, आमच्या सासवांच्या सासवा तिथं बसल्या, तेव्हा मासा होता. दुसरी म्हणाली, हात फिरला की वाळू मोकळी होते, उलट जास्त जीव धरतात. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला आजही वाटतं, तो माणूस न्यायाचा होता. मग त्यांनी विचारलं, या मोजणीच्या वेळी वाडीतलं कोणी हजर होतं का.

सगळ्यांनी काकींकडे बोट दाखवलं. काकी उठल्या. पिशवी हातातच.

"बाई, तुम्ही होतात ना यांच्याबरोबर? काम नीट झालं? काही वेगळं झालं असेल तर सांगा. न घाबरता सांगा."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मी टेबलाच्या कडेला बसले होते, आमच्यात चार हातांचं अंतर. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी आजारी असताना पेज घेऊन उशाशी बसायच्या तेव्हा अशाच बघायच्या, आता घेशील का जराशी, असं. मी खाली बघितलं.

"मोजणी ह्या बायेन केल्यान," काकी म्हणाल्या. "माका काय कळता? तिकाच इचारा."

आणि त्या उभ्याच राहिल्या.

अधिकारी माझ्याकडे वळले. "काय मॅडम? चाळण, पद्धत, सगळं सगळीकडे एकच होतं ना?"

शाळेच्या मागे कोणीतरी सुपारी फोडत होतं, तो आवाज येत होता. सर माझ्याकडे बघून हसले, धीर द्यायला.

"हो," मी म्हटलं. "एकच होतं."

काकी खाली बसल्या. पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. पुढची चर्चा अर्ध्या तासात संपली आणि पुळण बंद झाली.

एप्रिलमध्ये ती जागा मला मिळाली. चार वर्षांनी, नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात पडल्यावर, हेही लक्षात घ्या, मी समितीला कळवलं की चाळणीत फरक होता. देवस्थळी सर तोवर निवृत्त झाले होते. दुसऱ्या लोकांनी योग्य जाळी घेऊन पुळण मोजली. खोल पाण्याइतकेच जीव निघाले, दोन ठिकाणी जास्त. पाचव्या वर्षी पुळण उघडली. तीसपैकी सात बाया परत आल्या, असं मी एका कागदावर वाचलं. बाकीच्या काजूच्या कारखान्यात टरफलं सोलायला गेल्या होत्या, काही लेकींकडे मुंबईला. काकींच्या बोटांना काजूच्या तेलानं जखमा झाल्या आणि नंतर त्यांना मुठी वळेनात, हे त्यांच्या धाकट्या मुलीनं फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. मी त्या वाडीत परत गेले नाही. आज माझे विद्यार्थी गमतीनं म्हणतात, मॅडम चाळण मापल्याशिवाय पाण्यात पाय घालू देत नाहीत. मागच्या वर्षी माझ्या सत्कारात एकानं हे भाषणात सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण सभेच्या दिवशीची एक गोष्ट सांगायची मागे ठेवली होती.

सभा संपल्यावर सर गाडीत बसून पुढे गेले. माझं सामान काकींकडे होतं, ते घेऊन मला एसटी पकडायची होती. काकी घरी नसतील तर बरं, असं मनात म्हणत मी गेले. त्या ओटीवरच होत्या. माझी बॅग भरून दाराशी आणून ठेवलेली. त्यांनी ती कापडी पिशवी उघडली आणि आतून जाळीचा तो जुना तुकडा काढला. स्वच्छ घासलेला, कडा दुमडून शिवलेल्या, बोटाला लागू नयेत म्हणून.

"ह्यो तुझो. घेवन जा."

"काकी, तुम्ही हा सभेत आणला होता?"

"होय."

"मग दाखवला का नाही?"

काकी आत गेल्या, चुलीपाशी काहीतरी बांधलं आणि बाहेर आल्या. त्यांच्या हातात केळीच्या पानाची पुरचुंडी होती.

"मी ह्यो तुकडो दाखवलो असतो तर तू चार माणसांत खोटी पडली असतस," त्या म्हणाल्या. "तुझे आवस-बापूस थंय लांब. हंय तुझा कोण आसा? म्हटलां, चेडवाक येळ दिवया. ता आपल्या तोंडान सांगात."

त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली.

"घावणे आसत. तुझ्याच तव्यार केलंय. वाटेत खा, उपाशी जाव नको."

एसटी फाट्यावर उभीच होती. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी घाट चढायला लागली तशी सकाळपासून पोटात काही नसल्याचं मला जाणवलं. मी पुरचुंडी सोडली. पाच घावणे होते, मऊ, अजून कोमट, वर ओल्या खोबऱ्याची चटणी. मी पाचही खाल्ले, आणि पानाला लागलेली चटणीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली.